बोलणाऱ्याकडे वळण्याचा मक्ता

गेल्या अंकात 'आपल्या बुद्धीचे रक्षण' या मथळ्याखाली जो लेख प्रसिद्ध झाला, त्याचे लेखक माझे जुने स्नेही आहेत आणि वयाने मजहून चार वर्षांनी वडील आहेत. त्यामुळे हा प्रतिवाद लिहिताना लेखणी थोडी अडखळते. तथापि लेखाच्या अखेरीस त्यांनी येत्या वार्षिक सभेत एक ठराव संमत करण्याचे आवाहन केले आहे, आणि ठराव एकदा झाला की तो आपणा सर्वांच्या नावावर जमा होतो. अशा वेळी केवळ भिडेपोटी गप्प राहणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

ज्या वाचकांस हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी ते थोडक्यात सांगतो. बडोद्यास आपल्या सभागृहात दर महिन्याला वाचनाची बैठक भरते. इंदूर, हैदराबाद, बेळगाव येथील सभासद आणि परदेशी स्थायिक झालेली आपली मुलेबाळे तीत पडद्यावरून सहभागी होतात. पूर्वी कॅमेरा व्यासपीठावर रोखून ठेवलेला असे. श्रोत्यांपैकी कोणी बोलू लागले की दूरच्या मंडळींना आवाज तेवढा ऐकू जाई, माणूस दिसत नसे, आणि प्रत्येक वेळी "कोण बोलतंय?" या पृच्छेने चर्चेचा धागा तुटे. मध्यंतरी एका विक्रेत्याकडून एक वापरलेले यंत्र घेतले. ते बोलणाऱ्याकडे आपोआप वळते असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ते बशीत कप ठेवल्याच्या आवाजाकडे आणि आम्हा वृद्धांच्या खोकल्याकडे अधिक अगत्याने वळत असे. अखेर आपल्याच एका तरुण सभासदाने चार मायक्रोफोन, एक तळहाताएवढा संगणक आणि मोटारीवर फिरणारा साधा कॅमेरा यांची जुळणी करून ही अडचण दूर केली. आता मागच्या रांगेतून एखाद्या काकू हळू आवाजात काही सांगू लागल्या तरी कॅमेरा त्यांच्याकडे वळतो. त्या तरुणाचे नाव मी येथे घालत नाही, कारण त्याला ते रुचत नाही.

माझ्या स्नेह्यांचे म्हणणे असे की, या रचनेचे पेटंट मंडळाने त्या तरुणासह घ्यावे, इतर गावांतील मंडळांना ती शुल्क आकारून द्यावी आणि इमारतनिधीची चिंता मिटवावी. नाहीतर बाहेरचे लोक आपल्या मुलाची बुद्धी पळवतील. म्हणणे वरकरणी प्रेमाचे आहे. पण ज्या वस्तूवर आपण मालकी सांगू पाहतो तिचा इतिहास त्यांनी पाहिलेला दिसत नाही. याच वस्तूवरून अमेरिकेत पंचवीसएक वर्षांपूर्वी दोन कंपन्या न्यायालयात गेल्या होत्या. त्या वादाची हकिकत समजून घेतल्यावाचून हा ठराव मतास टाकणे योग्य होणार नाही.

आधी यंत्राचे मर्म. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. दोन मायक्रोफोन तीस सेंटिमीटर अंतरावर ठेवले आणि बोलणारा एका बाजूला असला, तर त्याचा आवाज जवळच्या मायक्रोफोनला आधी आणि दूरच्याला किंचित नंतर पोहोचतो. हा फरक फार झाला तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. बोलणारा बरोबर मध्यभागी असेल तर फरक शून्य. या फरकावरून दिशा काढता येते. ते साधे त्रिकोणमितीचे गणित आहे. आपले दोन कान हेच करतात. कमी कंपनसंख्येच्या ध्वनीची दिशा दोन कानांतील वेळेच्या फरकावरून आणि अधिक कंपनसंख्येच्या ध्वनीची दिशा तीव्रतेच्या फरकावरून कळते, ही उपपत्ती लॉर्ड रेली यांनी १९०७ मध्ये मांडली. पहिल्या महायुद्धात याच तत्त्वाचा उपयोग शत्रूच्या तोफा शोधण्यासाठी झाला. पंचविसाव्या वर्षी नोबेल पारितोषिक मिळवणारे लॉरेन्स ब्रॅग हे त्या कामावर होते. आघाडीच्या मागे मायक्रोफोनांची रांग मांडून तोफेचा आवाज प्रत्येकास केव्हा पोहोचला याची नोंद घेत आणि त्यावरून तोफेची जागा ठरवीत. अडचण ही होती की तोफगोळा ध्वनीहून वेगाने येई आणि त्याच्या कडाडण्यात तोफेचा मूळ धीरगंभीर आवाज हरवून जाई. विल्यम टकर यांनी तापलेल्या तारेचा मायक्रोफोन बनवला. तो कडाडण्याला दाद देत नसे, मूळ आवाजाला मात्र देई.

खोलीत बसलेल्या माणसाची दिशा शोधणे एका अर्थी तोफेहून अवघड. मोकळ्या रानात आवाज एकदाच येतो. खोलीत तो भिंतींवरून, छतावरून, टेबलावरून आपटून दहा वाटांनी येतो. यंत्राला दहा माणसे बोलत आहेत असे वाटते. मग कान फसत का नाहीत? कारण कान पहिल्यांदा पोहोचलेल्या लहरीवर विश्वास ठेवतात आणि मागाहून येणाऱ्या प्रतिध्वनींना दिशा ठरवण्याच्या कामी जवळजवळ मोजत नाहीत. वॅलाख आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९४९ मध्ये या गुणधर्माचे सविस्तर वर्णन केले. त्याच सुमारास जर्मनीत हेल्मुट हास यांनीही त्यावर प्रबंध लिहिला. पुढे १९७६ मध्ये नॅप आणि कार्टर या दोघांनी दोन मायक्रोफोनांतील वेळेचा फरक गोंगाटातही कसा काढावा याची गणिती रीत प्रसिद्ध केली. आजही या विषयाचा विद्यार्थी आरंभ तेथूनच करतो. १९८५ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या फ्लॅनगन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या खोलीत संगणकाच्या साहाय्याने बोलणाऱ्याच्या दिशेने रोख धरणारी मायक्रोफोनांची मांडणी वर्णिली. हे सारे विद्वत्पत्रिकांतून छापून आले होते. कोणीही वाचावे, कोणीही वापरावे.

आता त्या दोन कंपन्यांकडे वळतो. पिक्चरटेल ही कंपनी १९८४ मध्ये एमआयटीचे दोन विद्यार्थी ब्रायन हिन्मन आणि जेफ्री बर्नस्टाइन यांनी प्राध्यापक डेव्हिड स्टेलिन यांच्यासह काढली. टेलिफोनच्या तारेतून चित्र पाठवता यावे म्हणून चित्र आक्रसून घेण्याचे तंत्र हे तिचे भांडवल. पुढे दूरदृश्य परिषदांच्या व्यवसायात ती अग्रणी झाली. हिन्मन तेथून बाहेर पडले आणि १९९० मध्ये जेफ्री रॉडमन या पिक्चरटेलमधल्याच सहकाऱ्याबरोबर त्यांनी पॉलिकॉम ही नवी कंपनी स्थापिली. कचेरीतल्या टेबलावर असणारा तीन पायांचा परिषद-टेलिफोन ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी पॉलिकॉमचे काम पाहिले आहे. १९९८ मध्ये तिने व्ह्यूस्टेशन नावाचा छोटा संच बाजारात आणला. तो दूरचित्रवाणी संचावर ठेवायचा, आणि आवाजावरून बोलणाऱ्याचा माग काढून त्याचा कॅमेरा वळायचा. पिक्चरटेलकडे असे वळणारे यंत्र आधीपासून होते, आणि ध्वनीच्या उगमाची जागा ठरवण्याच्या पद्धतीचे पेटंट तिला त्याच वर्षी जुलैत मिळाले होते.

त्या वर्षाच्या अखेरीस पिक्चरटेलने मॅसॅच्युसेट्समध्ये पॉलिकॉमवर दोन फिर्यादी केल्या. एक संघराज्याच्या न्यायालयात, दोन पेटंटांच्या भंगाबद्दल. त्यांतले एक वर सांगितलेले, दुसरे परिषद-यंत्रणेतील मायक्रोफोनांच्या रचनेचे. दुसरी फिर्याद राज्याच्या न्यायालयात, व्यापारी गुपिते लाटल्याबद्दल. म्हणजे वादी कंपनीच्या संस्थापकाने काढलेली कंपनी प्रतिवादी.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी आणून देतो. पेटंट आणि गुपित या दोन परस्परविरुद्ध वस्तू आहेत. पेटंटाचा करार असा की, शोधकाने आपली युक्ती सर्वांसमोर उघड करावी आणि समाजाने त्या बदल्यात काही वर्षे तिचा मक्ता त्याला द्यावा. गुपिताचा मार्ग उलटा: झाकून ठेवा, जोवर झाकलेले राहील तोवर तुमचे. एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, एकाच यंत्रावरून, एका न्यायालयात 'आम्ही हे जगाला सांगितले' असे म्हणायचे आणि दुसऱ्या न्यायालयात 'आम्ही हे कोणास सांगितले नव्हते' असे म्हणायचे. प्रत्येक यंत्रात सांगितलेले काही आणि झाकलेले काही असू शकते, म्हणून कायद्यात याला बाध नाही. पण त्यामागची वृत्ती कळून येते. मुद्दा युक्तीच्या रक्षणाचा कमी आणि प्रतिस्पर्ध्याला अडवण्याचा अधिक होता. आणखी गंमत अशी की, त्याच १९९८ साली पिक्चरटेल स्वतः अशाच एका खटल्यातून सुटली होती. डेटापॉइंट या कंपनीने आपल्या जुन्या पेटंटांच्या आधारे तिच्यावर दावा लावला होता, आणि ज्युरीने निकाल पिक्चरटेलच्या बाजूने दिला. ज्या काठीचा मार चुकवून ती बाहेर पडली, तीच काठी तिने काही महिन्यांत उचलली.

आता त्या पेटंटात होते काय ते पाहू, कारण माझा सारा आक्षेप तेथे आहे. पेटंटाच्या दस्तऐवजात सविस्तर वर्णन असते आणि शेवटी 'दावे' असतात. मालकी ठरते ती दाव्यांवरून. वर्णन वाचले तर त्या अभियंत्यांबद्दल आदरच वाटतो. खोलीतला गोंगाट सतत मोजत राहणे, आवाज केव्हा उमटला हे त्या पार्श्वभूमीवर ओळखणे, आणि त्या काळच्या मर्यादित संगणनशक्तीत ते सर्व तत्काळ करून दाखवणे, हे खरे कारागिरीचे काम आहे. त्याच कंपनीच्या दोघा अभियंत्यांनी १९९७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय परिषदेत याच विषयावर निबंधही सादर केला होता. परंतु पहिल्या दाव्याचा आशय पाहिला तर असा: एकमेकांपासून दूर ठेवलेल्या मायक्रोफोनांत येणाऱ्या आवाजाचा आरंभीचा, प्रतिध्वनीपासून जवळपास मुक्त असा भाग ओळखायचा आणि त्या भागांची तुलना करून आवाजाची दिशा ठरवायची. माझे स्नेही म्हणतील, यात काय वावगे? त्यांना मी एवढेच विचारीन की वर सांगितलेला १९४९ चा निबंध पुन्हा एकदा आठवावा. पहिल्या लहरीवर विश्वास ठेवा, मागच्यांना सोडा. आपला कान जन्मापासून हेच करीत आला आहे. विशिष्ट रीतीने, विशिष्ट यंत्राने ते करून दाखवणे हा शोध असेल. पण दाव्याची भाषा जसजशी रुंद होत जाते तसतसे कारागिरीच्या पाठोपाठ निसर्गाचा नियमही कुंपणात येऊ लागतो. शेतकऱ्याने आपल्या विहिरीवर हक्क सांगावा, त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. पण पाणी उताराकडे वाहते, यावर त्याने हक्क सांगू नये.

पेटंटाचे वकील म्हणतात की इतके रुंद दावे न्यायालयात टिकत नाहीत, म्हणून चिंता नको. या प्रकरणात काय झाले? पॉलिकॉमने आरोप नाकारले आणि उलट दावे केले. वकिलांची बिले चालू राहिली. तेवढ्यात पिक्चरटेलची बाजारातली स्थिती खालावत गेली, आणि २००१ च्या मे महिन्यात पॉलिकॉमने पिक्चरटेल विकत घेत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरात व्यवहार पुरा झाला. तेव्हा जाहीर झालेली किंमत साधारण ३६ कोटी डॉलर होती. वादीच प्रतिवादीच्या मालकीचा झाल्यावर वाद कोणी कोणाशी करायचा? पहिली लहर कोणाच्या मालकीची, या प्रश्नाला उत्तर मिळाले ते तिजोरीकडून. आणि मालकीची ही साखळी तेथेही थांबली नाही. पॉलिकॉमला २०१८ मध्ये प्लॅन्ट्रॉनिक्सने घेतले आणि त्या कंपनीला २०२२ मध्ये एचपीने. दरम्यान १९९६ मध्ये अर्ज केलेल्या त्या पेटंटाची वीस वर्षांची मुदत २०१६ साली संपली. आपल्या तरुण सभासदाने जे केले ते तो आज निर्धास्तपणे करू शकतो, याचे कारण ही संपलेली मुदत आणि छापून ठेवलेले ते जुने निबंध. ज्या मोकळ्या वाटेने आपण येथवर आलो, तिच्यावरच आपण पाटी लावावी असे माझे स्नेही सुचवीत आहेत.

त्यांचा सर्वांत भावनिक मुद्दा हळदीचा आहे. बाहेरच्यांनी आपली हळद पळवली होती, पेटंट न घेण्याचा हा परिणाम, असे ते लिहितात. येथे त्यांनी इतिहासाची बाजू नेमकी उलटी धरली आहे. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले, हे खरे. सीएसआयआरने त्याला आव्हान दिले. त्या वेळी तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातील माशेल हे त्यांचे जन्मगाव, त्यामुळे आपल्या गोवेकर वाचकांना ही कथा मुखोद्गत असेल. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले. कशाच्या जोरावर? भारताकडे हळदीचे पेटंट होते म्हणून नव्हे. हा उपयोग आधीपासून लिहिलेला, छापलेला होता, याचे ३२ संदर्भ पुढे ठेवले म्हणून. त्यांत जुने ग्रंथ होते आणि १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक निबंधही होता. घराघरांतल्या आजीला हळद माहीत होती, एवढे सांगून तेथे भागले नसते, कागद लागला. बुद्धी पळवली जाऊ नये अशी इच्छा असेल तर ती छापावी, ठळक अक्षरांत, तारखेसह छापावी. एकदा प्रसिद्ध झालेल्या युक्तीवर मागाहून कोणी मक्ता सांगू लागला तर हाच अंक त्याच्यापुढे ठेवता येईल.

कायद्याच्या बाजूनेही थोडे बोलणे भाग आहे, कारण लेखात 'भारतीय कायदा आपल्या बाजूने आहे' असे एक सैल विधान आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने तिसऱ्या कलमात एक पोटकलम घातले गेले आणि ते २००३ पासून लागू झाले. त्यानुसार गणिती पद्धती, व्यापारी पद्धती, केवळ संगणक-प्रणाली आणि अल्गोरिदम यांना शोध मानले जात नाही. २००४ च्या डिसेंबरात निघालेल्या वटहुकुमाने हे बंधन सैल करू पाहिले. २००५ चा कायदा करताना संसदेने ते सैल होऊ दिले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी यांच्या प्रकरणात मात्र असे म्हटले की, तांत्रिक परिणाम दाखवणाऱ्या शोधाची वाट या कलमाने सरसकट अडवली जाऊ नये. तेव्हा मायक्रोफोन, मोटार आणि कॅमेरा यांची जुळणी म्हणून अर्ज केला तर तो दारातच परत येईल असे मी म्हणणार नाही. प्रश्न नवेपणाचा आहे. त्या तरुणाने आपल्या टिपणात स्वच्छ लिहिले आहे की वेळेचा फरक काढण्याची रीत त्याने १९७६ च्या निबंधातून घेतली. मग त्यात नवे उरते ते काय? आपल्या सभागृहाच्या प्रतिध्वनीला पुरून उरेल असा मायक्रोफोनांचा कोन आणि खोकला ओळखून सोडून देण्याची एक चलाख सोय. त्याचे मला कौतुक आहे. मी त्याला पाठीवर थाप देऊन आलो आहे. पण वीस वर्षांच्या मक्त्याला पुरेल एवढे ते आहे, असे तो स्वतःही म्हणत नाही.

आणि येथे एक मौजेचा मुद्दा येतो. युक्ती आधी उघड झाली की तिचे नवेपण जाते, असा सर्वसाधारण नियम. या अंकाच्या मागच्या अंकात त्या तरुणाचे टिपण छापले गेले आहे आणि सभागृहात साठएक लोकांनी यंत्र पाहिले आहे. माझ्या स्नेह्यांनी यावर तोड काढली आहे ती कायद्याच्या ३१व्या कलमाची. खऱ्या आणि पहिल्या शोधकाने आपला निबंध एखाद्या विद्वत्सभेपुढे वाचला किंवा त्याच्या संमतीने तो तिच्या कार्यवृत्तात छापला गेला, तर बारा महिन्यांच्या आत अर्ज केल्यास त्या उघड होण्याने पेटंटाला बाध येत नाही. आपले मंडळ ही विद्वत्सभा, हे त्रैमासिक तिचे कार्यवृत्त, असा त्यांचा युक्तिवाद. आपल्या मंडळाला विद्वत्सभा म्हणणारा माणूस या अंकाच्या वाचकांत पहिल्यांदाच भेटला असेल! मला स्वतःला त्या पदवीने संकोच वाटतो. पण ती घ्यायचीच ठरवली तर विद्वत्सभेचे काम निबंध वाचून घेण्याचे आणि जगाला देण्याचे असते. वाचून घेतलेल्या निबंधावर कुलूप लावण्याचे नसते.

बडोद्याच्या माणसाने हे बडोद्याच्या माणसाला सांगावे लागावे, याचे वाईट वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले ते तंत्रविद्या चार भिंतींतून आणि चार घराण्यांतून बाहेर पडून लोकांच्या भाषेत लोकांच्या हाती जावी म्हणून. १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच नगरीत भरली, आणि तिच्यामागे होते पंडित भातखंडे. चीज शिष्याला देताना हात आखडणाऱ्या उस्तादांच्या दारी वर्षानुवर्षे खेटे घालून त्यांनी बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीसह छापून टाकल्या. त्या काळीही कुरकूर झाली होती की घराण्याची मिळकत बाजारात मांडली. ग्वाल्हेरच्या आपल्या सभासदांनी सांगावे, बंदिशी छापल्याने ग्वाल्हेर घराणे दरिद्री झाले का? छापील बंदिशीतून गवई तयार होत नाही, हेही तितकेच खरे. तयारी गळ्यात असते. यंत्राचेही तेच आहे. आराखडा सर्वांना दिला तरी तो आपल्या खोलीत, आपल्या भिंतींना जुळवून घेणारा हात लागतोच, आणि तो हात ज्याच्याकडे आहे त्याला काम मिळते, मान मिळतो, मेहनतानाही मिळू शकतो. बेळगावच्या मंडळाने त्याला बोलावून घ्यावे, प्रवासखर्च आणि योग्य मानधन द्यावे. याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. माझा विरोध मक्त्याला आहे, मोबदल्याला नाही; गेल्या अंकातल्या लेखात या दोहोंची गल्लत झाली आहे.

इमारतनिधीबद्दल म्हणाल तर, पेटंटातून निधी उभा राहील ही कल्पना मला भाबडी वाटते. पेटंट मिळणे निराळे आणि ते राखणे निराळे. कोणी भंग केला तर न्यायालयात जायचे कोणी? ज्यांच्या दिमतीस वकिलांचे ताफे होते अशा दोन कंपन्यांनी हा प्रश्न शेवटी एकमेकींना विकत घेऊन सोडवला. आपण कोणाला विकत घेणार? की सोलापूरच्या एखाद्या वाचनालयाने आपल्या आराखड्यावरून यंत्र बांधले म्हणून त्याला नोटीस धाडणार?

आणखी एक गोष्ट, जी सभेत बोलणे मला जड जाईल म्हणून येथेच लिहितो. या यंत्राने आपल्या बैठकीत काय बदल झाला तो मी पाहिला आहे. व्यासपीठावरचा माणूस नेहमीच दिसत होता. आता ज्यांना आपण तीस-तीस वर्षे मागच्या रांगेत पाहिले, ज्यांनी एकदाही हात वर केला नाही, त्या बोलू लागल्या आहेत. कारण त्या बोलल्या की हैदराबादेतली बहीण त्यांना पाहते. गेल्या चैत्रात एका वृद्ध सभासद बाईंनी आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेली बडोदे दरबारची हकिकत सांगितली, पाच मिनिटांची. कॅमेरा त्यांच्यावर स्थिर होता. ही सोय आपल्यासारख्या प्रत्येक लहान मंडळाला, विकत घेण्याची ऐपत असो वा नसो, मिळावी असे मला वाटते. बाजारातली यंत्रे आता चेहरे ओळखतात, ओठांची हालचाल टिपतात, आणि त्यांवर नवनवी पेटंटे घेतली जातात. ती त्यांची त्यांना लखलाभ. आपल्या गरजेपुरते आपल्याजवळ आहे, आणि ते मोकळे आहे.

म्हणून मी वार्षिक सभेत पुढील उपसूचना मांडणार आहे. दोन अनुमोदकांच्या सह्या मिळाल्या आहेत, आणखी मिळाल्यास कार्यवाहांकडे द्याव्यात:

"मूळ ठराव वगळून त्या जागी असे घालावे की, मंडळाच्या सभागृहातील स्वयंचलित कॅमेऱ्याचा संपूर्ण आराखडा, मायक्रोफोनांची मापे, वापरलेल्या सुट्या भागांची यादी आणि संगणक-प्रणाली ही सर्व कर्त्याच्या नावानिशी व त्याच्या लेखी संमतीने या त्रैमासिकाच्या पुढील अंकात प्रसिद्ध करण्यात यावी, तिच्या प्रती सर्व संलग्न मंडळांस टपालखर्चात पाठवाव्यात, आणि कर्त्यास मंडळाच्या निधीतून यंत्रास आलेला प्रत्यक्ष खर्च परत करण्यात यावा, जो त्याने अद्याप मागितलेला नाही."